अडेनियम लावा, पण चीक सांभाळून

ताईंनो, देवनारच्या गल्लीत जाड बुंध्याचं, गुलाबी फुलांचं अडेनियम दारात दिसतं ना? ते कण्हेरीच्याच कुळातलं. चीक विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारा. आफ्रिकेत शिकारी तो बाणाला लावायचे! पण म्हणून झाड फेकू नका. इतक्या कमी पाण्यात इतकी फुलं कोण देतं? फक्त पोरं-बकऱ्या पोहोचणार नाहीत असं उंचावर, कडक उन्हात ठेवा. मातीत वाळू जास्त, डब्याला भोकं. पावसाळ्यात छपराखाली घ्या, नाहीतर बुंधा कुजतो. छाटताना हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, नंतर साबणाने हात धुवा. पोरानं पान चावलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. तोंड पुसा, झाडाची फांदी सोबत घ्या आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.