इंडिकेटर घाईघाईने टिकटिकतोय? रिले बदलण्याआधी बल्ब बघा

कतारगाम (सुरत) : सणासुदीला कतारगाम, उधना, लिंबायत भागातली खानदेशी मंडळी गाड्या काढून बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरमार्गे गावाकडे निघतात. निघण्याआधी टायरची हवा, ऑइल, ब्रेक सगळं बघितलं जातं. इंडिकेटरकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. डावीकडचा इंडिकेटर एकदम दुप्पट वेगाने टिकटिक करू लागला, तरी 'चालू तर आहे ना' म्हणून गाडी तशीच दामटली जाते. बहुतेक वेळा याचा अर्थ एकच असतो : त्या बाजूचा एक दिवा लागत नाही आणि गाडी तेच सांगते आहे.

वेग का वाढतो?

इंडिकेटर मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. साध्या बल्बच्या गाडीत एका बाजूला पुढे २१ वॅट, मागे २१ वॅट आणि फेंडरवर किंवा आरशावर ५ वॅटचा छोटा दिवा असतो. एकूण ४७ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास ४ अँपिअर करंट. मोठा एक बल्ब उडाला की करंट २ अँपिअरच्या आसपास येतो. फ्लॅशर रिले किंवा नव्या गाडीतला कंट्रोल युनिट ही घट ओळखतो आणि वेग वाढवतो. ड्रायव्हरला मागचा दिवा दिसत नाही, म्हणून कानाला कळावं अशी ही सोय आहे.

घरीच तपासा

गाडी उभी करा, चावी ऑन करा. आधी डावा, मग उजवा इंडिकेटर लावून गाडीभोवती फेरी मारा. फक्त पार्किंगचे चारही दिवे लावून भागत नाही, कारण अनेक गाड्यांत बल्ब उडालेला असला तरी तेव्हा वेग नेहमीचाच राहतो.

एकाच बाजूला टिकटिक जोरात असेल तर दोष त्याच बाजूच्या बल्बमध्ये किंवा होल्डरमध्ये. बल्ब काढून बघा : आतली तार तुटलेली किंवा काच काळी पडलेली असेल तर बल्ब गेला. बल्ब चांगला असेल तर होल्डर बघा. तापीकाठची दमट हवा आणि पावसाळ्यात साचणारं पाणी यामुळे तिथे गंज आणि हिरवट थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने घासला की बऱ्याचदा काम होतं. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणत असेल, तर अर्थिंगची वायर ढिली आहे, असं समजा.

फ्यूज उडाला असता तर इंडिकेटर लागलाच नसता. म्हणून जोरात टिकटिक असताना कोणी थेट फ्यूज किंवा रिले बदलायला सांगत असेल, तर आधी बल्ब दाखवायला सांगा. साधा बल्ब बहुतेक गाड्यांना शंभर रुपयांच्या आत येतो. जुना बल्ब दुकानात सोबत न्या. पिवळ्या आणि पांढऱ्या बल्बच्या पिना वेगळ्या असतात.

एलईडी बसवले असतील तर

दोन्ही बाजूंना वेग वाढला असेल आणि नुकतेच एलईडी बसवले असतील, तर कारण तेच आहे. एलईडी फारच कमी करंट घेतो आणि रिलेला बल्ब उडाल्यासारखं वाटतं. ज्या गाडीत वेगळा रिले आहे, तिथे एलईडीला चालणारा फ्लॅशर हा सरळ उपाय. काही जण रेझिस्टर जोडतात. तो चांगलाच तापतो, त्यामुळे प्लास्टिकला किंवा वायरिंगला टेकवू नये.

घाटात जीवावर बेतू शकतं

नवापूरच्या पुढे विसरवाडी आणि कोंडाईबारी घाटात रात्री ट्रकची रांग असते. ओव्हरटेक करताना किंवा गावाच्या फाट्यावर वळताना मागचा इंडिकेटर बंद असेल, तर मागच्या ट्रकवाल्याला ही गाडी वळणार हे कळणारच नाही. वाटेत बल्ब मिळाला नाही आणि पुढचा-मागचा बल्ब सारखाच असेल, तर पुढचा काढून तेवढ्यापुरता मागे लावा. वळताना हातही दाखवा आणि नवापुरात पोचताच नवीन बल्ब घ्या. एक जादा बल्ब डिकीत ठेवला तर तीही वेळ येणार नाही.