करंजचे दोन कप्तान

पाणबुडीवर नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरच्या पट्ट्यांना पहिले काही महिने फारशी किंमत नसते. तो हातात वही आणि टॉर्च घेऊन, वाकून, कधी पोटावर सरपटत, एकेका पाइपाच्या मागे लागलेला असतो. हा पाइप कुठून निघाला, कुठल्या भिंतीतून पलीकडच्या कप्प्यात गेला, वाटेत किती व्हॉल्व्ह लागतात, त्यातले हाताने फिरवायचे कुठले आणि तेलाच्या दाबावर चालणारे कुठले, हे सगळं त्याने स्वतः शोधायचं, वहीत काढायचं आणि विचारलं की तोंडी सांगायचं. शिकवणारा आणि खोदून विचारणारा अनेकदा हुद्द्याने त्याच्या बराच खालचा असतो, पण त्याची उमेदीची वर्षं त्याच कप्प्यात गेलेली असतात. दिवे घालवले तरी हात नेमक्या चाकावर पडला पाहिजे. हे सगळं पार पडलं की छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. हा बिल्ला अधिकारी आणि नौसैनिक दोघांनाही कमवावा लागतो.

यामागचं कारण साधं आहे. युद्धनौकेवर एका माणसाची चूक दुसरा सावरू शकतो, निदान तेवढा वेळ मिळतो. दोनशे मीटर खोलीवर समुद्राचा दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या एकवीसपट असतो. तिथे बोटभर जाडीचा पाइप फुटला तरी पाणी फवाऱ्यासारखं येत नाही, ते भाल्यासारखं घुसतं. त्या क्षणी जवळ उभा असलेला माणूस स्वयंपाकी आहे की लेफ्टनंट, हे पाहायला कुणाला सवड नसते. व्हॉल्व्ह कुठे आहे हे त्याला ठाऊक हवं, एवढंच.

भारतीय नौदलाच्या पाणबुडी शाखेची कहाणी मी नेहमी एका बोटीवरून समजून घेत आलो आहे. पाणबुडी कितीही मोठी असली तरी पाणबुडीवाले तिला 'बोट'च म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. त्या बोटीचं नाव 'करंज'. हे नाव उरणजवळच्या करंजा बेटाशी जोडलं जातं. या नावाच्या दोन बोटी झाल्या, पहिली सोव्हिएत बनावटीची आणि दुसरी माझगावात बांधलेली. पहिल्या 'करंज'चे दोन कप्तान एकाच युद्धात दोन वेगवेगळ्या आघाड्यांवर लढले. दोघांनाही शौर्यपदकं मिळाली आणि दोघांनीही टॉर्पेडो डागून एकही जहाज बुडवलं नाही. पाणबुडीच्या अधिकाऱ्याची कारकीर्द काय चीज असते, ते या दोघांकडे पाहिलं की कळतं.

साठच्या दशकात पाकिस्तानला अमेरिकेकडून 'गाझी' ही पाणबुडी मिळाली, तेव्हा भारताकडे एकही पाणबुडी नव्हती. ब्रिटनशी बोलणी पुढे सरकेनात. अखेर 1965मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. आपले अधिकारी आणि नौसैनिक तिकडे गेले, आधी रशियन भाषा शिकले आणि मग पाणबुडी. 8 डिसेंबर 1967 रोजी बाल्टिक किनाऱ्यावरच्या रिगा बंदरात 'कलवरी' नौदलात दाखल झाली. आजही 8 डिसेंबर हाच पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. पुढच्या वर्षी 'खांदेरी' आली. शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधलेल्या किल्ल्याचं हे नाव. मग 4 सप्टेंबर 1969 रोजी 'करंज' आणि त्याच डिसेंबरात 'कुरसुरा'. 'करंज'चे पहिले कप्तान होते कमांडर मोहन नारायण राव सामंत. 1967च्या अरब-इस्रायल युद्धापासून सुएझ कालवा बंद होता, त्यामुळे या बोटींना मायदेशी येताना सबंध आफ्रिकेला वळसा घालावा लागला. नव्या खलाशांसाठी एवढ्या लांबची पहिली सफर हीच मोठी शाळा ठरली असणार.

या बोटी फॉक्सट्रॉट जातीच्या. लांबी 91 मीटर, पाण्याखालचं वजन सुमारे 2,500 टन, माणसं पंचाहत्तरच्या आसपास. तीन डिझेल इंजिनं, तीन विजेच्या मोटारी, तीन पंखे. टॉर्पेडोच्या दहा नळ्या, सहा पुढे आणि चार मागे. बॅटरीचे 448 सेल. सात कप्पे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक. त्यातून आधी पाय टाकायचा, मग डोकं. थंड समुद्रासाठी आखलेली ही बोट भारतासाठी काही बदल करून घेतली होती. तरी अरबी समुद्राच्या कोमट पाण्यात, डिझेलच्या वासात आणि मोजून मिळणाऱ्या गोड्या पाण्यात आठवडेच्या आठवडे काढायचे. आंघोळ ही चैनीची गोष्ट होती.

पाणबुडी बुडते कशी, हे बहुतेकांना ढोबळमानाने ठाऊक असतं. बॅलास्ट टाक्यांच्या माथ्यावरची झाकणं उघडली की आतली हवा वर निघून जाते आणि खालून समुद्र आत शिरतो. वर यायचं तर दाबाची हवा सोडून ते पाणी बाहेर ढकलायचं. खरं कसब यानंतरचं आहे. बुडालेली बोट धड बुडू नये आणि धड तरंगू नये, जिथे ठेवली तिथेच राहावी, यासाठी सतत तोल सांभाळावा लागतो. याला 'ट्रिम' म्हणतात. टॉर्पेडो सुटला की पुढचा भाग हलका होतो, म्हणून लगेच तेवढं पाणी आत घ्यायचं. डिझेल जळतं तशी टाकीत त्याची जागा समुद्राचं पाणी घेतं. ते पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून इंधन संपत जाईल तशी बोट जड होत जाते. बंगालच्या उपसागरात नद्यांच्या मुखांकडे पाणी कमी खारट असतं, तिथे बोट आपसूक खाली जाऊ पाहते. अरबी समुद्रात पाणी जास्त खारट, तिथे ती वर येऊ पाहते. पाणबुडीच्या अधिकाऱ्याला समुद्र चवीने ओळखता यावा लागतो, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

शिवाय श्वास घ्यावा लागतो. बॅटरीवर चालणारी बोट आवाज करत नाही, पण बॅटरी उतरते. ती भरायला डिझेल इंजिन लावायचं तर हवा हवी, म्हणून पृष्ठभागाजवळ येऊन हवेची नळी वर काढायची. तेव्हा बोट सर्वांत आवाजी होते आणि सर्वांत सहज सापडते. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं तर एक ठिणगी पुरते. म्हणजे कप्तानाने कधी श्वास घ्यायचा, किती घ्यायचा आणि कधी दम धरायचा, हे शत्रूचा अंदाज आणि बॅटरीचा काटा यांच्यामध्ये उभं राहून ठरवायचं. पेरिस्कोप एकच डोळा लावून पाहायचा असतो, तोही काही सेकंदच. तेवढ्यात पाहिलेलं चित्र पुढचा अर्धा तास मनात जागं ठेवायचं. बोटीतल्या बाकी कुणालाही बाहेरचं काहीच दिसत नाही. सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे असतात.

1971च्या युद्धात 'करंज'चे कप्तान होते कमांडर विजयसिंह शेखावत. बोट पश्चिमेला, पाकिस्तानच्या पाण्यात गस्त घालत होती. याच पाण्यात 4 आणि 8 डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ले केले, त्यामुळे समोर दिसणारं जहाज आपलंही असू शकत होतं. तटस्थ देशांची व्यापारी जहाजंही तिथून ये-जा करत होती. लक्ष्याची नक्की ओळख पटल्याशिवाय हल्ला करायचा नाही, असा पाणबुड्यांना हुकूम होता. ओळख पटवायची म्हणजे जवळ जायचं, आणि जवळ जायचं म्हणजे स्वतः सापडण्याची जोखीम घ्यायची. त्या युद्धात भारतीय पाणबुड्यांनी एकही जहाज बुडवलं नाही. काही लोक याकडे उणेपणा म्हणून पाहतात. मला ते मुळीच पटत नाही. शत्रूच्या दारात दिवसेंदिवस दडून राहणं, टॉर्पेडो तयार असताना खात्री नाही म्हणून हात आवरणं आणि पंचाहत्तर माणसांना सुखरूप परत आणणं, ही कामगिरी बातमीत मावत नाही. नौदलाला मात्र ती समजली होती. शेखावतांना वीरचक्र मिळालं.

उलट बाजूने पाणबुडी काय करू शकते, हेही त्याच डिसेंबरात आपल्याला सोसावं लागलं. 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. 'खुकरी'चे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपल्या जहाजाबरोबर गेले.

तिकडे पूर्वेला सामंत पाणबुडीवर नव्हतेच. त्यांची गोष्ट फ्रान्समधून सुरू होते. 1971च्या मार्चमध्ये 'हंगोर'चीच बहीण असलेली 'मँग्रो' तूलाँ बंदरात होती आणि पाकिस्तानी खलाशी तिथे प्रशिक्षण घेत होते. पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात केलेल्या कत्तलीची बातमी आली तेव्हा त्यांच्यातले काही बंगाली पाणबुडीवाले बोट सोडून पळाले. त्यातले आठजण मजल दरमजल करत भारतात पोचले. त्यांच्याभोवती एक गुप्त नौदल कमांडो दल उभं राहिलं. पलाशीजवळ भागीरथीच्या काठी छावणी पडली. खेड्यांतली आणि कॉलेजांतली पोरं, नदीत पोहत वाढलेली, तिथे जहाजाच्या पोटाला चिकटणारे सुरुंग लावायला शिकली. नौदल गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन मिहिर रॉय यांची ही योजना होती, आणि कमांडो मोहिमांची सूत्रं सामंतांकडे होती.

सुरुंगाच्या चापात पाण्यात विरघळणारी वडी असे. ती विरघळली की स्फोट. पण पोहून जहाजापर्यंत पोचायला वडी टिकते त्याहून जास्त वेळ लागायचा. मग वडीवर निरोध चढवायचा आणि जहाजाला सुरुंग लावल्यावर तो ओढून काढायचा, अशी युक्ती निघाली. ऑगस्टच्या मध्यात एका रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चारही बंदरांत एकाच वेळी हल्ला झाला. इशारा आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरलेल्या गाण्यांनी गेला होता. अशा रात्री पुढे अनेक झाल्या.

युद्ध उघड झाल्यावर सामंत स्वतः नदीत उतरले. 'पद्मा' आणि 'पलाश' या बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या तोफबोटी म्हणजे मुळातली साधी बंदरावरची जहाजं, त्यांच्यावर तोफा बसवलेल्या. सोबत नौदलाची 'पनवेल' आणि सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा'. सुंदरबनाच्या खाड्यांतून हा ताफा मोंगलाला पोचला आणि तिथून खुलन्याच्या दिशेने निघाला. 10 डिसेंबरला आपल्याच विमानांनी शत्रूच्या बोटी समजून हल्ला केला. 'पद्मा' आणि 'पलाश' बुडाल्या. 'पलाश'वरचे रुहुल अमीन यांना पुढे बांगलादेशने बीरश्रेष्ठ हा सर्वोच्च सन्मान दिला. बुडालेल्या बोटींवरची पाण्यातली माणसं उचलत आणि शत्रूच्या गोळीबाराला तोंड देत सामंतांनी मोहीम चालूच ठेवली. त्यांना महावीरचक्र मिळालं. 'पनवेल'चे कप्तान लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा आणि 'पद्मा'वरचे लीडिंग सीमन चिमनसिंह यांनाही ते मिळालं. पुढे स्वतंत्र बांगलादेशाचं नौदल उभारताना सुरुवातीचं प्रमुखपद सामंतांनीच सांभाळलं.

पाणबुडीचा कप्तान नदीच्या गढूळ पाण्यात लढला, हा मला योगायोग वाटत नाही. खुणा नसलेल्या पाण्यातून अंदाजाने वाट काढायची, थोडक्या माणसांवर पूर्ण विसंबायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, हे तिन्ही धडे बोटीतलेच. शेवटचा धडा तर सामंत फार काळ पाळत राहिले. त्या मोहिमेवर संदीप उन्नीथन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं पुस्तक 2019मध्ये आलं, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

शेखावत पुढे 1993 ते 1996 या काळात नौदलप्रमुख होते. बोट मात्र 1 ऑगस्ट 2003ला मुंबईत निवृत्त झाली. फॉक्सट्रॉट चौतीस वर्षं चालवणं म्हणजे गोदीतल्या कारागिरांची परीक्षाच. सुटे भाग मिळेनासे झाले की आपल्याच कार्यशाळेत घडवायचे.

पाणबुडी बांधण्याचं काम माझगाव डॉकने आधीच हाती घेतलं होतं. जर्मन आराखड्यावर बांधलेली 'शाल्की' 1992मध्ये नौदलात आली, देशात बांधलेली ती पहिली पाणबुडी. 1994मध्ये 'शंकुल' आली आणि तिथेच काम थांबलं. मला या टप्प्याचं अजूनही वाईट वाटतं. पाणबुडीच्या जाड पोलादी कवचाचं वेल्डिंग शिकलेला हात वर्षानुवर्षं रिकामा राहिला तर ती विद्या हातातून जाते. फ्रेंच कंपनीबरोबर स्कॉर्पिन जातीच्या पाणबुड्यांचा करार 2005मध्ये झाला आणि पहिली नवी बोट यायला 2017 उजाडलं. मधल्या वर्षांत जुन्या बोटींवरचा ताण वाढतच गेला. 14 ऑगस्ट 2013च्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' या पाणबुडीवर स्फोट झाले आणि 18 जण बोटीसकट गेले.

10 मार्च 2021 रोजी त्याच गोदीत नवी 'करंज' नौदलात दाखल झाली. प्रमुख पाहुणे होते ॲडमिरल शेखावत. लांबी साडेसदुसष्ट मीटर, टॉर्पेडोच्या सहा नळ्या, माणसं त्रेचाळीसच्या आसपास. जुन्या बोटीत जे काम तीन माणसं चाकं फिरवून करत, ते इथे एक माणूस पडद्यासमोर बसून करतो. तरी नवा अधिकारी वही घेऊन पाइपांच्या मागे लागतोच, कारण पडदा काळा पडला की शेवटी चाकच फिरवावं लागतं. 'वागशीर' जानेवारी 2025मध्ये आली आणि स्कॉर्पिन मालिकेतल्या सहाही बोटी पूर्ण झाल्या.

पहिली 'करंज' आता पाहायला मिळत नाही, पण तिची बहीण 'कुरसुरा' विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर 2002पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. तिकडे गेलात तर पुढच्या टॉर्पेडो कप्प्यात फोटो काढणाऱ्यांची गर्दी सोडून मधल्या नियंत्रण कक्षात जरा जास्त थांबा. पेरिस्कोपच्या आजूबाजूची चाकं मोजायला लागा. तिथे वाट दाखवणारे बहुतेक निवृत्त नौसैनिक असतात. कुठलंही चाक दाखवून हे कशाचं, असं त्यांना विचारा. ते सांगतील, आणि तो पाइप पुढे कुठे जातो हेही दाखवतील.