चालकाच्या कानाशी कोण बोलतो?



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे ठरले तेव्हा मंडळींनी आम्हांपुढे दोन विषय ठेवले होते. एक, कामगार चळवळीचा इतिहास; दुसरा, चालू काळातला एखादा प्रश्न. आम्ही दुसरा उचलला. पूर्णेहून नांदेडकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेल्या या चुडाव्यात, किंवा भोवतालच्या कोणत्याही गावात, ज्या भावकीत एकही ड्रायव्हर नाही अशी भावकी शोधावीच लागेल. कोणी ट्रकवर आहे, कोणी उसाच्या ट्रॅक्टरवर, कोणी पिकअपमधून मोंढ्याला हळद-कापूस नेतो, कोणी एस. टी.त आहे, तर कोणी पुण्यात भाड्याची मोटार हाकतो. हा माणूस गाडी चालवीत असताना त्याच्या कानाशी कोण बोलत असते, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रथम थोडे गणित. आम्ही शाळेत सातवीच्या पुढे गेलो नाही, तेव्हा गणित सोपेच आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून थोडे अधिक अंतर तोडते. फोनवर आलेला निरोप वाचावयास चार सेकंद लागतात असे धरा. तेवढ्यात गाडी 66 मीटर पुढे गेलेली असते, आणि हे सर्व अंतर चालकाने डोळे मिटून काटल्यासारखे असते. पुढे उसाची बैलगाडी आहे, तिच्यामागे लाल चकती नाही, बैल दमलेले आहेत. चालकाने मान वर केली, गाडी दिसली, पाय ब्रेककडे गेला, यातही सेकंद-दीड सेकंद जातो. त्यानंतर कोठे ब्रेक लागू लागतो. भरलेला ट्रक त्या वेगात ब्रेक लागल्यावरही तीस-चाळीस मीटर घसटत जातो. आता ही सारी अंतरे एकत्र करा आणि सांगा, बैलगाडी कोठे उरली?

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेने प्रत्यक्ष रस्त्यावरच्या ट्रकांत कॅमेरे बसवून पाहणी केली व 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फोनवर अक्षरे टाइप करणाऱ्या ट्रकचालकाला अपघाताचा किंवा थोडक्यात हुकलेल्या अपघाताचा धोका तेवीस पटींनी वाढतो, असे त्यांना आढळले. हे ऐकून कोणी म्हणेल, आमचा माणूस टाइप करीत नाही, तो नुसता बोलतो. कानात यंत्र घातलेले असते, दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात, मग बिघडले कोठे?

बिघडते ते डोक्यात. कॅनडातील टोरांटो शहरी दोन संशोधकांनी 1997 साली अपघात झालेल्या चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. बोलत असताना धोका सुमारे चौपट होतो, असे त्यांस दिसले, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनानेही त्यात काही सुरक्षितता वाढलेली आढळली नाही. या गोष्टीचा पडताळा घेण्यास टोरांटोला जावयास नको. मोंढ्यात चालत्या माणसाला विचारा, "काका, सव्वातेरा क्विंटल हळदीचे, साडेअकरा हजारांच्या भावाने किती झाले?" तो चालता चालता थांबेल. पाय थांबण्याचे कारण काही नाही, हिशेब तोंडाने होतो. तरी तो थांबतो. मेंदू एका वेळी एकच अवघड काम नीट करतो आणि पायी चालणाऱ्याला थांबण्याची मुभा आहे. गाडीचे चाक थांबत नाही. चालकाचे डोळे उघडे असतात, समोरची म्हैस डोळ्यांत उमटतेही, पण ती मनापर्यंत पोचत नाही. "अचानक आडवी आली" असे तो पुढे पंचनाम्यात सांगतो. तो खोटे बोलत नाही. त्याला ती खरोखरच अचानक दिसलेली असते.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणेही घातक म्हणावे काय? हा प्रश्न आम्हांस दर बैठकीत विचारतात आणि तो रास्त आहे. शेजारचा माणूस रस्ता पाहत असतो. वळण आले की तो आपोआप गप्प होतो, कधी "अरे, ट्रॉली ट्रॉली!" म्हणून ओरडतोही. फोनवरच्या माणसाला यातले काही दिसत नाही. घाट आला, पाऊस आला, पोर आडवे आले, त्याचे बोलणे चालूच. अमेरिकेतील यूटा विद्यापीठातल्या प्रयोगांत हाच फरक दिसून आला. आपल्या जुन्या क्लीनरचे मोल यावरून कळावे. तो मागे पाहत असे, खाली उतरून गाडी लावून देत असे, आणि रात्री ड्रायव्हरला जागा ठेवीत असे. आज बहुतेक गाड्यांवर क्लीनर नाही. त्याचा पगार वाचला आणि त्याच्या जागी फोन येऊन बसला.

आपले गाव रेल्वेच्या काठी आहे, म्हणून थोडे रेल्वेचे सांगतो. इंजिनात दोन माणसे असतात. सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने उच्चारावयाचा व दुसऱ्याने तोच पुन्हा उच्चारावयाचा, असा नियम आहे. शिवाय चालकाने सुमारे मिनिटभर कोणतीच हालचाल केली नाही तर त्याला इशारा देणारे, आणि तरीही उत्तर न आल्यास ब्रेक लावणारे यंत्र असते. माणसाचे लक्ष ढळणारच, हे तेथे गृहीत धरलेले आहे. एवढे करूनही लक्ष ढळले तर काय होते? 12 सप्टेंबर 2008 रोजी लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ येथे एका प्रवासी गाडीच्या चालकाने लाल सिग्नल ओलांडला आणि समोरून येणाऱ्या मालगाडीशी टक्कर होऊन 25 माणसे मेली. तो फोनवर निरोप पाठवीत होता. शेवटचा निरोप टक्करीपूर्वी 22 सेकंद गेला होता. आपल्याकडे 26 एप्रिल 2018 रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर शाळेची व्हॅन रेल्वेपुढे आली आणि 13 लेकरे गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. गाडीची शिटी सगळ्या शिवाराला ऐकू जाते. कान बुजलेल्याला ती जाणार कशी?

पण याच रेल्वेची दुसरी एक गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती न सांगणे म्हणजे आमच्या लोकांशी बेइमानी होईल. 29 ऑक्टोबर 2023 रोजी आंध्र प्रदेशात विजयनगरम जिल्ह्यात एक पॅसेंजर गाडी दुसरीवर मागून आदळली आणि 14 जण दगावले. मागच्या गाडीचे चालकही त्यांत गेले. मार्च 2024 मध्ये खुद्द रेल्वेमंत्र्यांनी सांगितले की, चालक व सहायक फोनवर क्रिकेटचा सामना पाहत होते. देशभर ते छापून आले. पुढे त्याच वर्षी जुलैत बातमी आली की, चौकशीत तसे काही आढळले नव्हते. पहिली बातमी प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचली. दुसरी किती जणांनी वाचली? मेलेला माणूस कोर्टात उभा राहत नाही. फोनचा दोष खरा आहे म्हणूनच तो पुराव्यावाचून कोणाच्या माथी मारता कामा नये. फोनची नोंद तपासता येते, वेळेसकट तपासता येते. ती आधी तपासावी आणि मग तोंड उघडावे.

आकड्यांचेही असेच आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे मेली, आणि त्यांतले फोनच्या वापरामुळे सुमारे दोनच टक्के, अशी नोंद आहे. आम्हांस हा आकडा कमी वाटतो. पोलीस पंचनाम्यात 'भरधाव व हयगयीने' हे शब्द ठरलेले असतात. फोन चालू होता काय, हे क्वचितच कोणी पाहते, आणि वाचलेला चालक आपण होऊन सांगत नाही. भरधाव म्हणून नोंदलेल्या किती अपघातांच्या पोटी फोन दडलेला असेल, याचा हिशेब कोणत्याच रकान्यात नाही.

आता कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि हातात फोन धरून गाडी चालविणे हे धोकादायक चालविण्याच्या कलमात, म्हणजे 184 मध्ये, नाव घेऊन घातले गेले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये. ऑक्टोबर 2020 पासून नियमांनी रस्ता पाहण्यापुरती फोनला मोकळीक दिली आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हे चालकापुरते झाले. पण त्याच कायद्यात 188 वे कलम आहे, ज्याची चर्चा आम्ही कोठे ऐकली नाही. धोकादायक चालविण्यास जो चिथावणी किंवा साह्य देईल त्यालाही तीच शिक्षा, असे ते सांगते. गाडी चालू आहे हे ठाऊक असताना दर पंधरा मिनिटांनी "कुठं आलास? फोन का उचलत नाहीस?" म्हणणारा मालक या कलमात बसतो की नाही, हे एकदा कोर्टापुढे जावयास हवे. आम्ही वकील नाही; परंतु कलम वाचता येते.

आमच्या संघटनेच्या बैठकांत आम्ही चालकांना एक साधे काम सांगितले. दिवसाअखेर फोन उघडून, गाडी चालू असताना कोणाकोणाचे फोन आले ते मोजावयाचे. निम्म्याहून अधिक फोन कामाचे निघतात: मालक, माल उतरवून घेणारा व्यापारी, कारखान्याच्या वजनकाट्यावरचा माणूस, मुकादम. शहरात भाड्याची मोटार किंवा दुचाकी चालविणाऱ्याची गत याहून बिकट. त्याला पुढचे काम फोनच्या पडद्यावरच येते आणि काही सेकंदांत बोट लावले नाही तर ते दुसऱ्याला जाते. त्याला फोन पाहू नकोस म्हणणे म्हणजे मजुरी घेऊ नकोस म्हणणे होय. मार्च 2025 मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालविताना क्रिकेटचा सामना पाहत असल्याचे प्रवाशाने टिपले. चालकाची नोकरी गेली, ज्या खाजगी कंपनीची बस होती तिला पाच हजारांचा दंड झाला. त्या चालकाची तरफदारी आम्ही करीत नाही. पन्नास जिवांचा भार पाठीशी असताना सामना पाहणे याला क्षमा नाही. पण एकाचे सगळे आयुष्य आणि दुसऱ्याचे पाच हजार, हे माप कोणत्या तराजूचे?

जानेवारी 2024 मध्ये नव्या न्याय संहितेतील दहा वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि ती तरतूद अमलात आणणे थांबले. जमाव मारील म्हणून चालक पळतो, हे आपले म्हणणे तेव्हा लोकांनी ऐकून घेतले. तेच लोक उद्या आपल्याला स्टिअरिंगवर कोपर टेकून चित्रफीत पाहताना बघतील तर पुन्हा कशाला ऐकतील? हे आम्ही आमच्याच बैठकीत म्हणालो तेव्हा दोघे-तिघे उठून गेले. नंतर परत आले, चहा घेतला.

उरलेले फोन घरचे. "कुठवर आलात?" असे घरधनीण विचारते ती मायेपोटी, आई "जेवलास का रं?" विचारते तीही मायेपोटी. येथे बसलेल्या मायबहिणींना आमचे एवढेच सांगणे आहे की, पहिला प्रश्न "गाडी चालू हाय का उभी?" असा असावा, आणि चालू आहे म्हटले की पुढचा शब्द न बोलता फोन ठेवावा. राग धरू नये. भारतात पहिला मोबाइल फोन 31 जुलै 1995 रोजी लागला. त्याआधीही आमचे लोक मद्रास-कलकत्त्याला माल नेत होते. ढाब्याशेजारच्या पिवळ्या एस. टी. डी. बूथवरून दोन दिवसांनी एक फोन येत असे, आणि माल पोचत असे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 1890 साली आठवड्याची सुटी मिळविली. त्या दिवशी मालकाचा भोंगा कामगाराला बोलावू शकत नसे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेही दिवसाचे काम सर्वसाधारणपणे आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, असे ठरवून दिले होते. हा अर्धा तास खरोखर दिला तर फोनचे निम्मे काम तेथेच आटोपेल. चालक उभ्या गाडीतून, चहा पिता पिता, मालकाला आपण होऊन सांगेल.

एका ठिकाणी आम्ही मालकांशी बसून असेच ठरविले. गाडी निघताना द्यावयाच्या चिठ्ठीवर एक ओळ छापली: चालू गाडीत फोन करू नये, चालक दर दोन तासांनी थांबून कळवील. मालकांचे म्हणणे, भाव चढता-उतरता असतो, दोन तासांत बाजार फिरतो. चालकांचे म्हणणे, थांबलो तर नंबर मागे जातो. बरीच ओढाताण झाली. शेवटी नंबर राखून ठेवण्याचे मालकांनी कबूल केले, तेव्हा चालकांनी मान डोलावली. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ही चिठ्ठी बऱ्यापैकी पाळली जाते. उसाचा हंगाम लागला की मात्र मोडते, कारण तेव्हा फोन मालकाचा नसतो, मुकादमाचा असतो, आणि मुकादमाने त्या चिठ्ठीवर सही केलेली नाही. येत्या दसऱ्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, मुकादमांची बैठक घ्यावयाची आहे. येथे कोणी मुकादम बसले असतील तर व्याख्यान संपल्यावर त्यांनी आम्हांस भेटावे; तारीख आजच ठरवू.