गाळणीवरची लव

औषध टाकीत तयार होतं, पण विकता येतं ते टाकीतून चोख वेगळं काढल्यावर. कर्करोगावर किंवा संधिवातावर दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची किंमत ऐकून ज्यांचे डोळे पांढरे झाले असतील, त्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून मूळ घेतलेल्या पेशी हजारो लिटरच्या स्टीलच्या टाक्यांत वाढवतात. दोनेक आठवड्यांनी लिटरमागे हवं ते प्रतिपिंड मिळतं काही ग्रॅम. बाकी सगळा पसारा पेशींच्या स्वतःच्या प्रथिनांचा, डीएनएच्या तुकड्यांचा आणि मेलेल्या पेशींच्या चोथ्याचा. त्यातून नेमका एक रेणू, तोही त्याची घडी न विस्कटता, बाहेर काढायचा. उकळायची सोय नाही आणि तीव्र द्रावकांचा वापरही नाही. उत्पादनाचा निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च अनेकदा या वेगळं काढण्यातच जातो. पेशी वाढवणाऱ्यांचं कौतुक छापून येतं, गाळणाऱ्यांचं फारसं येत नाही.

या कामाचं मुख्य हत्यार क्रोमॅटोग्राफी. 1903 मध्ये वॉर्सामध्ये मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने चुनखडीच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून पानांचा अर्क सोडला आणि हिरव्या-पिवळ्या रंगद्रव्यांचे पट्टे वेगवेगळे उतरताना पाहिले. पानांतल्या रंगांना ही भुकटी चालली, प्रथिनांना चालेना. ती अशा पृष्ठभागांना नको तशी चिकटतात किंवा मोडतात. त्यांच्यासाठी मऊ, पाणी धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. 1956 मध्ये अमेरिकेत पीटरसन आणि सोबर यांनी सेल्युलोजवर विद्युतभार असलेले गट जोडले. 1959 मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या पोराथ आणि फ्लोडिन यांनी डेक्स्ट्रानच्या साखळ्या एकमेकींत गुंतवून जेल केलं, तेच पुढे सेफाडेक्स म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलं. आजही कॉलममध्ये, म्हणजे अशा उभ्या नळीत, भरायचे मणी बऱ्याच अंशी याच घराण्यातले आहेत.

या मण्यांची अडचण अशी, की प्रथिनांना धरून ठेवणारे भारित गट पृष्ठभागावर चिकटलेले असतात आणि प्रथिनांचा एक थर बसला की जागा संपते. त्यावर सुचलेला तोडगा म्हणजे पृष्ठभागावर लवचीक पॉलिमर साखळ्यांची लव उगवायची. मग प्रथिन नुसतं वर बसत नाही, लवेच्या आत शिरतं. सपाट जमिनीऐवजी खोली वापरायला मिळते. जर्मनीतल्या मर्क कंपनीने 1990च्या सुमारास असे मणी बाजारात आणले. पण साखळी किती वाढणार आणि दोन साखळ्यांमध्ये किती अंतर राहणार, हे बरंचसं रसायनाच्या मर्जीवर होतं.

हे हातात का राहत नाही? नेहमीच्या पद्धतीत मुक्तमूलक, म्हणजे जोडीविना उरलेला इलेक्ट्रॉन असलेलं अतिशय उतावीळ टोक, मोनोमरमागून मोनोमर, म्हणजे साखळीची सुटी कडी, ओढत सुटतं. सेकंदभरात हजारभर कड्या जोडल्या जातात. मग तसंच दुसरं टोक भेटलं की दोघांचाही शेवट होतो. काही साखळ्या सुरुवातीला जन्मतात आणि मरतात, काही अगदी शेवटी. एकाच भांड्यात आखूड आणि लांब यांची सरमिसळ होते. मायकेल श्वार्झ यांनी 1956 मध्ये अमेरिकेत ऋणभारित टोकाच्या, न मरणाऱ्या साखळ्या दाखवल्या होत्या, पण त्यांना पाण्याचा अंशही सोसत नाही. पाण्यातच जगणाऱ्या प्रथिनांसाठी लागणारे मोनोमर त्या पद्धतीत सहज बसत नाहीत.

खरी कलाटणी मिळाली 1995 मध्ये. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात क्रिस्तोफ मात्याशेव्स्की आणि क्योटोत मित्सुओ सावामोतो यांनी स्वतंत्रपणे एकाच धर्तीची युक्ती मांडली. मात्याशेव्स्कींची अशी: साखळीच्या टोकाला क्लोरीन किंवा ब्रोमीनचा अणू बसवलेला असतो, आणि त्यामुळे टोक झोपलेलं असतं. तांब्याचं संयुग तो अणू काढून घेतं, टोक जागं होतं, दोन-चार कड्या जोडतं. लगेच तांबं अणू परत देतं आणि टोक पुन्हा झोपतं. कुठल्याही क्षणी जागी टोकं इतकी मोजकी असतात, की ती एकमेकांना भिडून मरण्याची शक्यता फार कमी राहते. सेकंदभराचं आयुष्य तासन्‌तास ताणलं जातं आणि साऱ्या साखळ्या जवळपास एकत्र वाढतात. मोनोमर आणि आरंभक (साखळी जिथून सुरू होते तो रेणू) यांचं प्रमाण ठरवलं की लांबी ठरली. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या रिझार्डो, मोड आणि थांग यांनी तांब्याऐवजी गंधकाच्या संयुगांवर चालणारी राफ्ट ही पद्धत दिली. (त्स्वेत यांची काचनळी वॉर्सातली, श्वार्झ आणि मात्याशेव्स्की दोघेही जन्माने पोलिश. योगायोगच, पण मनोरंजक.)

पृष्ठभागावर आधी आरंभक रोवून तिथूनच साखळ्या वाढवल्या, तर लव हव्या त्या उंचीची येते. 1997 मध्ये मेरी वर्थ आणि हुआंग यांनी सच्छिद्र सिलिकावर मात्याशेव्स्कींच्या पद्धतीने पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा थर उगवला.

अशी लव प्रथिनं कशी वेगळी करते हे पाहायला अंड्याचा पांढरा बलक घ्या. त्यातल्या प्रथिनांत निम्म्याहून थोडं जास्त ओव्हाल्ब्युमिन असतं, आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास लायसोझाइम, जिवाणूंची भिंत फोडणारं एंझाइम. लायसोझाइमचा भार शून्य होतो तो सामू 11च्या आसपास, ओव्हाल्ब्युमिनचा साडेचारच्या. म्हणजे सामू 7 ठेवला की लायसोझाइम धनभारित आणि ओव्हाल्ब्युमिन ऋणभारित. बलक पातळ करून, गाळून ऋणभारित लवेवरून सोडला, की लायसोझाइम आत रुतून बसतं आणि बाकीची बहुतेक प्रथिनं खाली वाहून जातात. मग मिठाचं पाणी सोडायचं. सोडियमचे आयन लायसोझाइमची जागा घेतात, ते सुटतं आणि प्रथिन मोजणाऱ्या मीटरवर एक उंच शिखर उमटतं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच लायसोझाइमवर वेगळ्या वाटेने काम केलं. त्यांच्या पॉलिमरचा मुख्य घटक एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइड. त्याच्या साखळ्या साधारण 32 अंश सेल्सिअसखाली पाण्यात विरघळलेल्या असतात, त्याहून जास्त तापमानात पाणी टाकून देऊन आकसतात आणि साका बनून खाली बसतात. विदर्भातल्या मे महिन्यातल्या गच्चीवरच्या टाकीत हा पॉलिमर विरघळलेला राहणार नाही! त्यात आम्लधर्मी मोनोमर मिसळले की लायसोझाइम साखळीला चिकटतं आणि तापमान वाढवलं की तिच्यासोबत खाली बसतं. टोकियोत तेरुओ ओकानो यांच्या गटाने याच जातीच्या साखळ्या सिलिकावर मात्याशेव्स्कींच्या पद्धतीने उगवल्या. तिथे द्रव असतो नुसतं पाणी, आणि रेणू धरायचे की सोडायचे हे कॉलमचं तापमान ठरवतं. रसायनांवरचा खर्च टाळायचा हा मार्ग मला मिठाच्या मार्गापेक्षा देखणा वाटतो, पण मोठ्या कॉलमभर तापमान सारखं बदलणं सोपं नाही, त्यामुळे देखणेपण तिथे थोडं अडतं.

नियंत्रण आलं तसा एक सोयीस्कर समजही गळून पडला. जितकी दाट लव तितकी जास्त प्रथिनं, असं वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्षात साखळ्या फार दाट असल्या तर त्या एकमेकींना ढकलत ताठ उभ्या राहतात आणि साधारण दहा नॅनोमीटरच्या प्रतिपिंडाला आत शिरायला फटच मिळत नाही. छोटं लायसोझाइम शिरतं, प्रतिपिंड बाहेर राहतं. साखळ्या फार लांब केल्या तर छिद्रंच बुजतात आणि पंपावरचा दाब चढतो. मण्यांऐवजी सच्छिद्र पटलांत लव उगवली तर आणखी गंमत: भारित साखळ्या कमी मिठात फुगतात, जास्त मिठात आकसतात, त्यामुळे एकाच पटलातून द्रव जाण्याचा वेग मिठाचं प्रमाण बदललं की बदलतो. पण हेच पटल मोठ्या विषाणूंना सोयीचं ठरतं. नव्वदेक नॅनोमीटरचा अडेनोव्हायरस मण्यांच्या बारीक छिद्रांत शिरू शकत नाही. पटलाच्या मोठ्या वाटांत प्रवाहच त्याला लवेपर्यंत नेतो. जनुक उपचारांसाठी विषाणू शुद्ध करणाऱ्यांना म्हणूनच पटलांत रस आहे.

कारखान्यात शिरायचं तर आणखी दोन प्रश्न. पहिला तांब्याचा: औषधात धातू उतरलेला चालत नाही. 2006च्या सुमारास मात्याशेव्स्कींच्याच गटाने ऑक्सिडीभूत झालेलं तांबं पुन्हा कामाला लावण्यासाठी क जीवनसत्त्वासारखे क्षपणकारक वापरले आणि तांब्याची मात्रा दशलक्षात काही भागांपर्यंत खाली आणली. दुसरा प्रश्न जास्त जमिनीवरचा. प्रतिपिंड धरणारं प्रोटीन ए रेझिन, म्हणजे कॉलममध्ये भरायचे मणी, लिटरला कित्येक लाख रुपयांचं असतं. तेवढा पैसा घालून कोणी ते एकदा वापरून फेकत नाही. पुन्हा वापरायचं म्हणजे दर फेरीनंतर कॉस्टिक सोड्याने धुवायचं. नव्या लवेची तुलना अशाच रेझिनशी होणार, म्हणून तिलाही ही धुलाई सोसावी लागते. प्रयोगशाळेत लव रोवायला एस्टर बंध सोपे पडतात, पण कॉस्टिक त्यांना कापत जातं आणि लव मुळापासून झडते. म्हणून आता रोवण्यासाठी अमाइड किंवा ईथर बंध, आणि मेथाक्रिलेटऐवजी अ‍ॅक्रिलामाइडच्या जातीचे मोनोमर निवडले जाताहेत. शोधनिबंधात लवेची उंची नॅनोमीटरमध्ये छापलेली असते. खरेदी विभागातला माणूस आधी विचारतो, कॉस्टिकच्या किती फेऱ्या टिकेल?