सहीच्या आधी क्षेत्र तपासा : गुंठा वेगळा, आर वेगळा, आणि 'हजार फूट' तर त्याहून वेगळे



आज हवामान नाही, बाजारभाव नाही. आज जमिनीच्या मापाचं बोलू. मेसेज थोडा लांब आहे, पण ज्यांच्याकडे सध्या जागेचे एजंट फेऱ्या मारतायत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावा.

मागे एक सभासद इसारपावतीचा कच्चा कागद घेऊन ऑफिसात आले. चाकण भागातलं रान, सातबाऱ्यावर क्षेत्र ०.४०.००. कागदात लिहिलेलं, "४० गुंठे". दर ठरला होता चौरस फुटाने, आणि हिशेब केला होता गुंठ्याला १००० फूट धरून, म्हणजे ४०,००० फूट. एजंट म्हणाला, "आर म्हणजेच गुंठा, आणि गुंठा म्हणजे हजार फूट, सगळीकडे असंच चालतं."

असं चालत नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०७६ चौरस फूट. आता त्यांचाच कागद बघा. सातबाऱ्यावर ४० आर, म्हणजे ४३,०५६ फूट. पैसे मिळणार ४०,००० फुटांचे. ३,०५६ फूट फुकट गेले, पावणेतीन गुंठ्यांहून जास्त. समजा दर फुटाला ९०० रुपये असेल, तर साडेसत्तावीस लाख रुपये झाले!

आणि दुसरी बाजू त्याहून वाईट. कागदावर "४० गुंठे" लिहून दिले म्हणजे ४३,५६० फूट देण्याचं कबूल केलं. तेवढं रान सातबाऱ्यावर नाहीच. उद्या मोजणी आली की ५०४ फूट कमी भरणार, आणि घेणारा म्हणणार "माझं पुरं करून द्या". मग बांध सरकतो तो शेजारच्या भावाच्या रानात. या भानगडीतून किती भावकीत बोलणं बंद झालंय ते गावात तुम्हालाच जास्त माहीत. या सभासदांची सही व्हायची होती म्हणून निभावलं.

घोळ होतो कुठून? आपण बोलतो एका मापात आणि सातबारा असतो दुसऱ्या मापात. गुंठा-एकर हे इंग्रजांच्या मोजणीचं माप. १८३६ साली आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी मोजणी आणि सारा लागू केला. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर, आणि गुंठ्याचे आणे १६. आजोबांच्या खरेदीखतात एकर-गुंठे-आणे दिसतात ते हेच. त्याआधी बिघा आणि चाहूर होते. पुढे १९५६ च्या वजनमापे कायद्याने देश मेट्रिकवर गेला आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. तोंडातला गुंठा मात्र गेला नाही. २००१ साली तर सरकारने केलेल्या कायद्याचं नावच 'गुंठेवारी' आहे!

सातबारा वाचायची एक सोपी रीत. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. प्रत्येक घरात दोन आकडे आहेत ना ते बघा आणि मधले ठिपके काढून टाका. जे उरतं ते थेट चौरस मीटर.
१.२३.४५ म्हणजे १२,३४५ चौ.मी.
त्याला मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १०१.१७ ने भागा. आले १२२ गुंठे, म्हणजे ३ एकर २ गुंठे.
फूट हवे असतील तर चौ.मी.ला १०.७६४ ने गुणा.
०.४० आणि ०.०४ मध्ये गफलत करू नका. पहिले ४० आर, दुसरे फक्त ४ आर.

*जपून ठेवा :*
१ एकर = ४० गुंठे = ४०.४७ आर
१ हेक्टर = १०० आर = ९८.८४ गुंठे = २.४७ एकर

भावाभावात वाटणी करतानाही हेच. एकाला "एक एकर" आणि दुसऱ्याला "४० आर" लिहिलं तर दुसऱ्याचे ४७ चौरस मीटर गेले. दोघांचं एकाच मापात लिहा. संपादनाचा दर हेक्टरी सांगितला असेल तर एकराला २.४७ ने आणि गुंठ्याला ९८.८४ ने भागा. हेक्टरी २ कोटी म्हणजे एकरी सुमारे ८१ लाख, गुंठ्याला २ लाख २ हजार.

फोन घेऊन बांधावरून चालत मोजणारी जीपीएस ॲप्स बऱ्याच जणांकडे आहेत. पेरणीचा, फवारणीचा अंदाज घ्यायला ठीक. विक्रीला अजिबात नाही. २० गुंठ्यांचं चौकोनी रान साधारण ४५ मीटर बाय ४५ मीटर असतं. फोन चारही बाजूंनी एकेक मीटर आत चुकला तरी पावणेदोन गुंठे गायब. विक्री-वाटणीला भूमी अभिलेखची मोजणी आणि तिची 'क' प्रत हाच आधार.

जाता जाता खताचंही. विद्यापीठाच्या शिफारशी हेक्टरी असतात, आपण टाकतो एकरी. कांद्याचं बी हेक्टरी ८ ते १० किलो म्हणजे एकरी सव्वातीन ते चार किलो. हेक्टरी १०० किलो नत्र सांगितलं असेल तर युरियातून एकरी ८८ किलो, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्यांना थोडं कमी. हेक्टरचा आकडा एकराला टाकला की अडीचपट खत जातं, पात माजते आणि कांदा वखारीत टिकत नाही.

इसारपावती, वाटणीपत्र, भाडेकरार काहीही असो, क्षेत्र सातबाऱ्यावर आहे तसं हेक्टर-आर-चौ.मी. मध्येच लिहून घ्या. दर फुटाने असेल तर एकूण फूट किती धरलेत तो आकडाही कागदावर आला पाहिजे. हिशेब जमत नसेल तर सातबारा आणि कच्चा कागद घेऊन ऑफिसात या, समोर बसून काढून देऊ. पण सहीच्या आधी या.