विश्लेषण : परदेशातील ‘एम.इंजि.’ आणि ‘एमएस’ यांत फरक काय? अर्ज करताना हिशेब कुठे चुकतो?

परदेशी शिक्षणाच्या तयारीत असलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर दिवाळीच्या सुमारास एक एक्सेल शीट हमखास असते. विद्यापीठाचे नाव, क्रमवारी, शुल्क, अर्जाची शेवटची तारीख असे रकाने त्यात असतात. पदवी कोणत्या प्रकारची आहे, हा रकाना मात्र बऱ्याचदा नसतो. ‘मास्टर्स म्हणजे एमएस’ असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात त्याच विद्यापीठाच्या त्याच विभागात ‘एमएस’शेजारी ‘एम.इंजि.’ म्हणजे मास्टर ऑफ इंजिनीअरिंग हा वेगळा अभ्यासक्रम असू शकतो. नावातला हा छोटा फरक घराच्या कर्जावर, नोकरी शोधायला मिळणाऱ्या वेळेवर आणि पुढे पीएचडी करता येईल की नाही यावर परिणाम करतो. त्यामुळे अर्जाचे शुल्क भरण्याआधीच तो समजून घेणे गरजेचे आहे.

‘एम.इंजि.’ म्हणजे नेमके काय?

अमेरिका आणि कॅनडात ‘एम.इंजि.’ ही व्यावसायिक पदवी मानली जाते. उद्योगात काम करणारा अभियंता तयार करणे हा तिचा उद्देश असतो. यात वर्गातील विषय आणि बहुतेक ठिकाणी एक प्रकल्प असतो, प्रबंध नसतो. संशोधनाकडे नेणाऱ्या ‘एमएस’मध्ये मात्र प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहावा लागतो.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा एम.इंजि. अभ्यासक्रम ३० क्रेडिटचा असून तो साधारण एका वर्षात पूर्ण होतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एक वर्षाच्या एम.इंजि.मध्ये तांत्रिक विषयांबरोबर नेतृत्व व व्यवस्थापनाचे विषय आणि गटाने करायचा ‘कॅपस्टोन’ प्रकल्प असतो. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात ‘एम.इंजि.’ विषयांवर आधारित, तर ‘एमएएससी’ ही प्रबंधावर आधारित पदवी आहे.

आपल्याकडच्या ‘एमई’शी या पदवीची गल्लत होऊ नये. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या एमईचे पूर्ण नावही ‘मास्टर ऑफ इंजिनीअरिंग’च आहे, पण तो दोन वर्षांचा आणि शेवटी प्रबंध सादर करावा लागणारा अभ्यासक्रम आहे.

नुसत्या नावावर विसंबून चालते का?

नाही. देश बदलला की त्याच नावाचा अर्थ बदलतो. ब्रिटनमध्ये ‘एमईएनजी’ ही बारावीनंतर सलग चार वर्षांची एकात्मिक पदवी असते. बीई झालेल्या विद्यार्थ्याने तिथे ‘एमएससी’साठी अर्ज करायचा असतो. जर्मनीत ‘एम.इंजि.’ प्रामुख्याने उपयोजित विज्ञान विद्यापीठे म्हणजे ‘फाखहोखशुले’ देतात आणि तिथे भर प्रत्यक्ष उद्योगावर असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या इलेक्ट्रिकल व संगणक विभागाचे एम.इंजि. तर त्याच संस्थेतून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बाहेरच्याने त्यासाठी अर्ज करून उपयोग नाही.

दुसरीकडे, अमेरिकेतील प्रत्येक ‘एमएस’ संशोधनाचे असतेच असेही नाही. अनेक विभाग प्रबंधाशिवायचे ‘नॉन-थिसिस’ एमएस देतात आणि ते व्यवहारात एम.इंजि.च्या जवळ जाते. म्हणून अभ्यासक्रमाच्या पानावर ‘थिसिस’, ‘नॉन-थिसिस’, ‘कोर्सवर्क’, ‘प्रोफेशनल’, ‘सेल्फ-फंडेड’ यांपैकी कोणते शब्द आहेत, हे आधी पाहावे.

पैशांच्या दृष्टीने फरक काय?

संशोधनाच्या पदवीत प्राध्यापकाला प्रयोगशाळेसाठी मनुष्यबळ हवे असते. म्हणून ‘रिसर्च असिस्टंटशिप’ किंवा ‘टीचिंग असिस्टंटशिप’ मिळण्याची शक्यता असते. अमेरिकेत त्यातून अनेकदा शुल्कमाफी आणि मासिक विद्यावेतन मिळते. कॅनडात प्रबंधाच्या ‘एमएएससी’ला सहसा आर्थिक साहाय्य असते. एम.इंजि.ला ते साधारणपणे नसते. काही विभाग थोडी शुल्कसवलत देतात, पण तेवढ्यावर विसंबून नियोजन करता येत नाही. ‘तिकडे गेल्यावर असिस्टंटशिप मिळेल’ ही आशा या पदवीच्या बाबतीत सर्वात महागात पडू शकते.

समजा, ४० लाख रुपयांचे कर्ज ११ टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता साधारण ५५ हजार १०० रुपये येतो. अभ्यासक्रम आणि त्यानंतरची सवलत मिळून दीड वर्ष हप्ता सुरू झाला नाही, तरी त्या काळात व्याज चढत असते. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली आणि सरळव्याज धरले, तर हे व्याज सहा लाख ६० हजार रुपये होते. ते मुद्दलात मिळवले की हप्ता सुमारे ६४ हजार २०० रुपयांवर जातो. परदेशात नोकरी लागली तर हा हप्ता पेलवतो. परत येऊन इथल्या सुरुवातीच्या पगारातून तो भरायचा झाला, तर ओढाताण अटळ आहे. म्हणून हप्त्याचे गणित दोन्ही पगारांवर करून पाहावे.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाख रुपयांवरच्या कर्जासाठी तारण लागते. त्यामुळे गावाकडची जमीन किंवा घर यांची कागदपत्रे नावावर व वादाशिवाय आहेत का, हे घरच्यांनी आधीच तपासलेले बरे. केंद्राची ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजना देशातील निवडक संस्थांसाठी आहे, परदेशी शिक्षणासाठी नाही. दिलासा देणाऱ्या दोन गोष्टीही आहेत. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५पासून टीसीएस लागत नाही. तसेच जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना कलम ८०ईनुसार आठ वर्षांपर्यंत व्याजाची वजावट मिळते.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान पाहिले जाते. अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेल्या असतात. त्यामुळे विद्यापीठांची यादी करतानाच त्या वाचाव्यात, प्रवेश मिळाल्यावर नव्हे.

एक वर्षाचा अभ्यासक्रम म्हणजे फायदाच का?

शुल्क आणि राहण्याचा खर्च एका वर्षाचाच असतो, नोकरीत लवकर परतता येते. हा फायदा खरा आहे. पण वेळेची दुसरी बाजूही आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळू शकते आणि अनेकांना नोकरी त्याच वाटेने लागते. अमेरिकेत ‘सीपीटी’ म्हणजे शिकत असतानाच्या प्रशिक्षणाची परवानगी सहसा एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते. एका वर्षाच्या एम.इंजि.त तो उन्हाळा येईपर्यंत अभ्यासक्रमच संपत आलेला असतो. ऑगस्टमध्ये पोहोचलेल्या विद्यार्थ्याला सप्टेंबरच्या नोकरी मेळाव्यात रेझ्युमे घेऊन उभे राहावे लागते. त्यामुळे रेझ्युमे, पोर्टफोलिओ आणि मुलाखतीची तयारी विमानात बसण्याआधीच झालेली हवी.

शिक्षणानंतर अमेरिकेत १२ महिन्यांचे ‘ओपीटी’ आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठी आणखी २४ महिने मिळतात. ही मुदतवाढ पदवीच्या नावावर नव्हे, तर आय-२० या कागदावर छापलेल्या अभ्यासक्रमाच्या ‘सीआयपी कोड’वर ठरते. त्यापुढे एच-१बी व्हिसा लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ८५ हजार असून त्यातील २० हजार अमेरिकेत मास्टर्स किंवा वरची पदवी घेतलेल्यांसाठी आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागू नसल्याचा खुलासा ऑक्टोबरमध्ये करण्यात आला. असे नियम वर्षभरातही बदलू शकतात, हे कर्ज काढताना गृहीत धरावे.

कॅनडात १५ फेब्रुवारी २०२४पासून किमान आठ महिन्यांच्या मास्टर्स अभ्यासक्रमानंतरही तीन वर्षांचा वर्क परमिट मिळू शकतो. त्यामुळे तिथे छोट्या एम.इंजि.चे गणित बदलले आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. मात्र बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही शुल्क सुरू केले आहे. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२पासून ‘एपीएस’ प्रमाणपत्र बंधनकारक आहे.

अर्जात वेगळे काय लिहायचे?

एमएससाठी लिहिलेले ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ नाव बदलून एम.इंजि.ला पाठवणे ही नेहमीची चूक आहे. संशोधनाच्या अर्जात कोणत्या प्राध्यापकाच्या कामात रस आहे आणि कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे महत्त्वाचे असते. एम.इंजि.च्या निवड समितीला हा विद्यार्थी वर्षभरात काय शिकणार, ते कुठे वापरणार आणि गटात काम करू शकतो का, हे जाणून घ्यायचे असते.

उदाहरणार्थ, चाकणमधील वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात दोन वर्षे काम केलेला मेकॅनिकल अभियंता घ्या. ‘लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती’ या वाक्याने त्याचा अर्ज पुढे सरकत नाही. लाइन कशामुळे बंद पडत होती, त्याने काय बदलले, थांबण्याचा वेळ किती कमी झाला आणि हे करताना कोणते ज्ञान कमी पडले, असे लिहिले तर अर्जाला वजन येते. कमी पडलेले ज्ञान अभ्यासक्रमातील कोणत्या विषयातून मिळणार, हेही नावासकट लिहावे. नोकरीचा अनुभव नसेल तर शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, बाहा किंवा रोबोकॉनसारख्या स्पर्धेतील स्वतःचा वाटा याच पद्धतीने मांडता येतो. ‘आम्ही गाडी बनवली’ याऐवजी ‘ब्रेकची रचना माझ्याकडे होती’ असे.

शिफारसपत्रे साधारण दोन किंवा तीन लागतात. एम.इंजि.साठी त्यातील एक नोकरीतील वरिष्ठांचे असेल तर उपयोग होतो. विभागप्रमुखांचे साचेबद्ध पत्र घेण्यापेक्षा प्रकल्प प्रत्यक्ष पाहिलेल्या सरांचे किंवा मॅडमचे पत्र अधिक बोलके ठरते. विद्यापीठ त्यांना थेट ई-मेलवर लिंक पाठवते. त्यामुळे त्यांचा महाविद्यालयाचा अधिकृत ई-मेल चालू आहे ना, हे आधी विचारून घ्यावे.

जीआरई अनेक एम.इंजि. अभ्यासक्रमांनी ऐच्छिक केली आहे किंवा वगळली आहे, तर काहींना ती हवीच असते. जीआरईचे गुण पाच वर्षे, तर आयईएलटीएस व टोफेलचे दोन वर्षे ग्राह्य धरले जातात. सीजीपीएचे चारच्या मापात स्वतःहून रूपांतर करू नये. विद्यापीठाने तसे सांगितले नसेल, तर गुणपत्रिकेवर आहे तोच आकडा त्याच मापात लिहावा.

कागदपत्रे आणि तारखांचे काय?

गुणपत्रिका आणि ‘ट्रान्सक्रिप्ट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वायत्त महाविद्यालय स्वतः ट्रान्सक्रिप्ट देते. संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला त्यासाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे अर्ज करावा लागू शकतो. यात काही आठवडे जातात, म्हणून सहाव्या सत्राचा निकाल लागताच हे काम हाती घ्यावे.

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी संशोधनाच्या पदव्यांची मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीत संपते. एम.इंजि.ची मुदत काही ठिकाणी त्यानंतरही असते. प्रवेश आल्यावर आणखी एक सापळा असतो. अमेरिकेत ‘१५ एप्रिलपर्यंत निर्णय घ्या’ असा एक प्रघात आहे, पण तो आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशांसाठी. विनासाहाय्य एम.इंजि.त विद्यापीठ त्याआधीच जागा निश्चित करायला अनामत रक्कम मागू शकते आणि ती अनेकदा परत मिळत नाही. दुसऱ्या निकालाची वाट पाहत असाल, तर मुदतवाढीची विनंती लेखी करावी.

‘मोफत’ सल्ला खरोखर मोफत असतो का?

अनेक सल्लागार संस्थांना विद्यार्थी पाठवल्याबद्दल विद्यापीठाकडून कमिशन मिळते. तसे असणे बेकायदा नाही, पण सुचवलेली यादी त्यामुळे झुकलेली असू शकते. ‘या विद्यापीठाशी तुमचा करार आहे का?’ हे स्पष्ट विचारावे. अर्जाचे लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवावेत. दुसऱ्याने लिहिलेले किंवा उचललेले निवेदन पडताळणीत सापडले, तर अर्ज रद्द होऊ शकतो.

मग एम.इंजि. कोणी निवडावे?

नोकरीचा थोडा अनुभव आहे, कोणत्या क्षेत्रात जायचे हे ठरले आहे आणि खर्चाची सोय असिस्टंटशिपशिवाय होते, अशांना ही पदवी सोयीची आहे. पीएचडी किंवा संशोधन करायचे असेल, तर प्रबंधाची पदवी घ्यावी. एम.इंजि.नंतर पीएचडीचा रस्ता बंद होत नाही. पण संशोधनाचा अनुभव आणि प्राध्यापकांची त्या अर्थाची शिफारस नसल्याने तो अवघड होतो. ‘आधी एम.इंजि.ला जाऊ, मग एमएसला बदलू’ हेही अनेक विभागांत शक्य नसते.

देशातील पर्यायही तुलनेत ठेवायला हवेत. गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात आणि त्यावर एमटेकला प्रवेश घेतलेल्या पात्र विद्यार्थ्यांना दरमहा १२ हजार ४०० रुपये विद्यावेतन मिळते. नोकरी सोडायची नसेल, तर आयआयटी कानपूरची ‘ई-मास्टर्स’ पदवी गेटशिवाय करता येते.

अर्जाचे शुल्क भरण्याआधी विभागाच्या प्रवेश कार्यालयाला चार प्रश्नांचा ई-मेल पाठवावा. प्रबंध आहे की नाही? या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप मिळू शकते का? अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड कोणता (अमेरिकेसाठी)? अनामत कधी भरायची आणि ती परत मिळते का? आलेली उत्तरे एक्सेल शीटमध्ये चार नवे रकाने करून भरली, की यादीतील काही नावे तिथेच गळतात. उरलेल्या नावांवरच पैसे आणि वेळ खर्च करावा.