कोणते तळे आधी?

साधने मर्यादित, गरजा अमर्याद, हे सूत्र वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात. बदकांच्या बाबतीत ते किती तंतोतंत लागू पडते, हे येथे सांगावयाचे आहे.

अमेरिकेची पाच राज्ये व कॅनडाचे तीन प्रांत यांत पसरलेला एक गवताळ मुलूख आहे. हिमनद्या ओसरल्यावर तेथे असंख्य खळगे राहिले. त्यांत पाणी साचते आणि त्या खंडातील निम्मी तरी बदके तेथेच जन्मतात. पण जमीन पिकाऊ. शेतकरी खळग्यांतील पाणी चर काढून घालवतात आणि नांगर धरतात. म्हणून अमेरिकेचे वन्यजीव खाते शेतकऱ्याला पैसे देऊन कायमचा करार करते. जमीन त्याचीच राहते. गुरे चारावीत, १५ जुलैनंतर गवत कापावे, मात्र नांगरायचे नाही. यातला बराच पैसा १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यांना घ्याव्या लागणाऱ्या तिकिटातून येतो. मारणाऱ्यांच्याच पैशावर बदके वाढतात, ही एक गंमतच!

पैसा थोडा, खळगे लाखो. मग आधी कोणता? १९८७ पासून तेथे ठरावीक नमुना-क्षेत्रांत दर वसंतात बदकांच्या जोड्या मोजतात. त्यावरून कोणत्या तळ्यावर किती जोड्या राहतील याचे सूत्र बसवले. दहा एकरांच्या एका तळ्यापेक्षा एकेक एकराची दहा डबकी अधिक जोड्या पोसतात, कारण जोडीला शेजार खपत नाही. शिवाय मादी अंडी घालते ती पाण्यापासून मैलभर लांबच्या गवतातसुद्धा. हे सारे धरून संगणकाने नकाशा काढला. तो रडारवरच्या वादळासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘वादळाचा नकाशा’ म्हणतात. दर चौरस मैलास २५ किंवा अधिक जोड्या पोहोचतील ते गवत आधी राखायचे.

मला वाटते, हा हिशोब अपुरा आहे. २००७ साली अमेरिकन सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिले की, त्या वेगाने उद्दिष्टाचे सुमारे १ कोटी २० लाख एकर राखायला दीडशे वर्षे लागतील. नांगर तेवढा थांबणार नाही. समजा, एका खडकाळ माळावर ८० जोड्या आहेत, पण तो नांगरला जाण्याचा संभव विसात एक. दुसरीकडे ६० जोड्या, संभव दोनात एक. करार केल्याने पहिल्या जागी ४ जोड्या वाचतात, दुसऱ्या जागी ३०. दुसरीची किंमत दुप्पट असली तरी सौदा तोच किफायतशीर. नुसत्या जोड्यांचा नकाशा मात्र पहिलीकडे बोट दाखवील.

आपल्याकडे तर जोड्या मोजूनही भागणार नाही. गदग जिल्ह्यातील मागडी केरेवर हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब, म्हणजे कन्नडातले ‘पट्टेतले हेब्बातु’, अंडी घालतात मध्य आशियात. येथे येतात ते विसाव्याला व चरायला. मागडीचा समावेश २०२४ साली रामसर यादीत झाला. त्या यादीच्या कसोट्यांपैकी दोन अशा: तळ्यावर नियमाने २०,००० पाणपक्षी यावेत, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येचा एक टक्का तरी. पण हे पक्षी चरतात ते भोवतालच्या शेतांत. तेव्हा मागडीचा हिशोब मांडताना तळ्याच्या एकरांत शेतांचेही एकर मिळवावे लागतील.